शनिवारची टोपली

वानतलांगमध्ये माणसाला त्याच्या थोरल्या लेकराच्या नावानं ओळखायची रीत आहे. कोणी रेमीची आई असते, कोणी सांगाचा बाप. दारखुमाला मूल झालं नाही, म्हणून तो कोणाचाच बाप नव्हता. मग गावानं त्याला न विचारताच आपला आजोबा करून टाकलं. त्याची काही तक्रार नव्हती. नातवंडं मोजायला बसलो तर आपल्याएवढं मोठं घराणं अख्ख्या मिझोराममध्ये नाही, असं तो म्हणायचा आणि तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात घ्यायचा. त्याला नुसतं 'खुमा' म्हणणारा आता एकच उरला होता, शेजारचा वुंगा.

त्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला, चर्चच्या घंटेखालच्या उतारावर होतं. दोन खोल्या, खाली खांब, वर पत्रा, पुढे बांबूची ओसरी. गावातल्या पोरांनी एका उन्हाळ्यात श्रमदानानं बांधून दिलेलं. चुलीजवळच्या फळीवर तांदळाचं पिंप असायचं आणि त्याला खेटून दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा. डब्यावर पूर्वी गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. पुसून पुसून आता त्यातला एक कान आणि हसू एवढंच राहिलं होतं.

तो मुठीचा डबा. असा डबा नसलेली चूल वानतलांगात शोधून सापडायची नाही. भात टाकायच्या आधी घरातल्या माणसांपुरते तांदूळ मापून घ्यायचे, आणि त्या मापलेल्यातून एक मूठ उचलून डब्यात टाकायची. पिंपातून नाही, जेवणातून. तेवढा घास घरानं त्या वेळी कमी खायचा. शनिवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या बाया पाठीवर टोपली आणि कपाळाला तिचा पट्टा लावून दारोदार फिरतात, डबे रिकामे करून घेतात. त्या तांदळावर डोंगरापलीकडच्या पाळकांचे संसार चालतात, लहान शाळा चालतात, आणि गावात कोणाची चूल थंडावली तर तिथंही तोच तांदूळ पोचतो.

दारखुमा लहानपणापासून हे बघत आला होता. पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं. कळायला त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं.

तरुणपणी त्याच्या हाताला यश होतं. डोंगरउतारावर आलं लावायचं तर सगळेच लावायचे, पण ते वेळेवर उचलून सिल्चरच्या बाजारात न्यायचं डोकं त्याला एकट्याला होतं. आधी दुसऱ्याचा ट्रक, मग स्वतःचा, मग आणखी. वानतलांगात पहिलं सिमेंटचं घर त्याचं. तो देवाला विसरलेला होता असं मात्र कोणी म्हणू नये. रविवारी पहिल्या बाकावर असायचा आणि देताना हात कधी आखडला नाही. बायकोनं मूठमूठ करत बसायचं हे त्याला आपल्या इभ्रतीला शोभेनासं वाटू लागलं, म्हणून त्यानं महिन्याकाठी तांदळाची अख्खी गोणीच मंडळीला द्यायला सुरुवात केली.

पहिली गोणी दिली त्या शनिवारी टोपली घेऊन आली होती गावात नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी, पुढे जी रेमीची आई झाली ती. दारात गोणी बघून ती घाबरलीच. तिनं ती उचलायचा प्रयत्न केला, गोणी हलेना. दारखुमा ओसरीवर बसून खदखदून हसला.

"अगं, ओढ की! सासरी जेवायला देत नाहीत का?"

मुलगी लाजून लाल झाली. शेवटी दोन माणसांनी गोणी चर्चपर्यंत नेली. मुलगी निघणार तेवढ्यात आतून दारखुमाची बायको थानसेई आपला डबा घेऊन आली आणि तिनं तो टोपलीत रिकामा केला.

"गोणी दिलीय ना आपण?" दारखुमा म्हणाला. "आता ही मूठ कशाला?"

"गोणी तुमची," थानसेई म्हणाली. "मूठ माझी."

थानसेई कमी बोलायची. पण डब्यात मूठ टाकताना तिचे ओठ हलायचे. दारखुमाला वाटायचं, मुठी मोजत असेल. एकदा त्यानं विचारलं तर म्हणाली, "नाव घेते."

"कोणाचं?"

"आज खालच्या आळीतल्या सावमीचं. दिवस भरलेत तिचे."

"म्हणजे प्रत्येक मुठीला एक माणूस? अगं, देवाला सावमी ठाऊक नाही का?"

"देवाला ठाऊक आहे," थानसेई म्हणाली. "मलाच लक्षात राहत नाही."

पुढे वानतलांग अपुरं पडायला लागलं. गावचं घर विकून दोघं ऐझॉलला गेली. शहरातल्या उतारावर दारखुमानं चार मजले चढवले. सगळ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीत उभं राहिलं की सकाळी ढग पायाशी दिसायचे. शहरातल्या चर्चच्या नव्या इमारतीला त्यानं भरघोस दिलं, भिंतीवरच्या संगमरवरात त्याचं नाव कोरलं गेलं. नव्या वर्षाच्या उपासनेत पाळक त्याला आशीर्वादित माणूस म्हणायचे. दारखुमा मान खाली घालायचा, पण आतून त्याला ते पटलेलं असायचं. देवाच्या तराजूत आपलं पारडं जड आहे, म्हणूनच तर हे चार मजले. त्या इमारतीतल्या भाडेकरूंपैकी निम्म्यांची नावं त्याला येत नव्हती. थानसेईला त्यांच्या पोरांचीसुद्धा येत होती.

एका पावसाळ्यात आठवडाभर धार थांबली नाही. शेजारच्या आळीत एक म्हातारी वारली होती, आणि रीतीप्रमाणे सगळे तिच्या घरी गाणी म्हणत बसले होते. दारखुमाला जायचं नव्हतं. थानसेईनं ओढून नेलं. ढोलाच्या ठेक्यावर तिसरं की चौथं गीत चाललं असेल, तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला, फार मोठा नाही, कोणी जड पेटारा जमिनीवरून सरकवावा तसा. सगळी आळी त्या दुःखाच्या घरात जमली होती म्हणून माणसं वाचली. उतार खचून दारखुमाचे चार मजले, खालची वखार आणि तिथं उभे असलेले ट्रक दरीत उतरले होते. राहिलेला धंदा वर्षभरात त्यांच्या मागोमाग गेला.

शाळेच्या एका वर्गात त्या सगळ्यांची सोय केली होती. दुसऱ्या दिवशी लोकांनी तांदूळ, मीठ, सुके मासे आणून दिले. थानसेईनं विटांवर भांडं चढवलं, तांदूळ मापले, इकडेतिकडे बघितलं, आणि कोणीतरी टाकून दिलेला दुधाच्या पावडरीचा डबा उचलून नेसूच्या टोकानं पुसला. मापलेल्यातली एक मूठ तिनं त्यात टाकली.

दारखुमाचा इतक्या तासांचा कोंडलेला राग तिच्यावर निघाला. "अगं, भीक मिळालीय ही आपल्याला! लोकांनी दिलेल्या तांदळातून तू कसलं दान करतेस?"

थानसेईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "मग आपला तांदूळ कधी होता?" एवढंच म्हणाली आणि चुलीत फुंकर घातली.

 दारखुमा नंतर कितीतरी वर्षं त्याचं उत्तर शोधत राहिला, आणि मग त्यानं शोधणं सोडून दिलं.

दोघं वानतलांगला परत आली. पोरांनी घर बांधून दिलं, वुंगानं आपल्या उतारातला आल्याचा एक तुकडा कसायला दिला. थानसेई आणखी काही वर्षं जगली आणि एका हिवाळ्यात चार दिवसांच्या तापात गेली. गावानं खड्डा खणला, गावानं गाणी म्हटली, गावानंच त्याला जेवू घातलं. पण घरी रांधायचा दिवस कधीतरी येतोच. त्या सकाळी दारखुमानं तांदूळ मापले आणि त्याचा हात हवेतच राहिला. फळीवर तो डबा होता. त्यानं मूठ उचलली आणि त्याला कळलं, आता नाव घ्यायचं.

पहिलं नाव अर्थातच थानसेईचं. संध्याकाळी वुंगाचं. दुसऱ्या दिवशी वुंगाच्या बायकोचं, मग पाळकांचं. त्याच्यापुढे त्याचं डोकं चालेना. ज्या गावात जन्म गेला, तिथली जेमतेम दोन दिवस पुरतील एवढीच माणसं त्याला ठाऊक होती. खुशाल हात जोडून 'सगळ्यांचं भलं कर' म्हणता आलं असतं. पण थानसेईनं तसं कधी केलं नव्हतं. म्हणून दारखुमा काठी घेऊन घराबाहेर पडला.

तेव्हापासून तो रोज बाहेर पडत राहिला. मोहरीची भाजी निवडणाऱ्या बायांपाशी थांबायचा, डुकरांना गवत आणणाऱ्याला विचारायचा, शाळेच्या पायऱ्यांवर बसायचा. कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, कोणाचा मुलगा फौजेत आहे आणि त्याचा फोन आला नाही, कोण कोणाशी बोलत नाही. चौकशा करणारे म्हातारे प्रत्येक गावात असतात, पण दारखुमा ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नसे. चुलीपर्यंत न्यायचा आणि डब्यात टाकायचा. हळूहळू लोकांना त्याचा सुगावा लागला. मग कोणी रस्त्यात थांबवून म्हणायचं, "आजोबा, उद्या परीक्षा आहे माझी, सकाळच्या भाताला माझं नाव घ्या." तो म्हणायचा, "सकाळी लागलाय नंबर दुसऱ्याचा. संध्याकाळी चालेल का?" पोरगी म्हणायची, "संध्याकाळी काय उपयोग, पेपर होऊन गेलेला!" आणि मग तो दोघांनाही एका मुठीत बसवायचा.

एकदा वुंगानं विचारलं, "माझं कधी घेतोस रे?"

"पावसाळ्यात. तुझा दमा उसळतो तेव्हा."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात तू ठणठणीत असतोस आणि बायकोशी भांडतोस. तेव्हा तिचं घेतो."

असं सगळं सुखानं चाललं होतं. त्याला एवढं भरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं, चौथ्या मजल्याच्या खिडकीतसुद्धा नाही. शनिवारी टोपली यायची, रेमीची आई ओसरीपाशी थांबून हाक मारायची, तो डबा आणून ओतायचा. ती डब्याच्या बुडावर टपली मारून शेवटचा दाणा काढायची. झालं.

मग गुडघे गेले. उतारावर उभं राहवेना, आल्याचा तुकडा वुंगाकडे परत गेला. पिंपाचं बूड दिसू लागलं. दारखुमानं कोणाला सांगितलं नाही, पण वानतलांगात धूर कमी झालेली चूल लपत नाही. एका शुक्रवारी रेमीची आई आणि तिची जाऊ तांदळाची पिशवी घेऊन आल्या. "मंडळीकडून आहे, आजोबा. दर पंधरा दिवसांनी आणू." दारखुमानं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. देवाचे आभार मानले, त्यांचे मानले. त्याला लाज वाटली नाही. शाळेच्या त्या वर्गात जी वाटायची तेवढी वाटून संपली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तो डबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसला. खालून रेमीची आई टोपली घेऊन चढत आली. वुंगाच्या घरी थांबली. मग त्याच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हणाली, "जेवलात का, आजोबा?" आणि न थांबता पुढे गेली.

विसरली, असं त्याला वाटलं. पुढच्या शनिवारी ती वरच्या पायवाटेनं गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी तो मुद्दाम पायरीवर उभा राहिला, डबा दिसेल असा धरून. ती बांबूच्या कुंपणाकडे बघत, फार घाईत असल्यासारखी निघून गेली.

डबा काठोकाठ भरला. दारखुमानं वरची मूठ फडक्यात बांधायला सुरुवात केली. स्वतः तो चर्चमध्ये नेऊन ओतता आला असता, पण तसं कोणी करत नाही. टोपली दाराशी येते. ज्या दाराशी येते ते घर, बाकी नुसता आडोसा.

त्या आठवड्यात वुंगा चहाला आला. वुंगा मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी, पंचांच्या बैठकीत बसणारा. गुळाचा खडा दाढेखाली धरून तो बिनसाखरेचा चहा प्यायचा.

"फडक्यात काय बांधलंयस?"

"तांदूळ. तुमच्या मंडळीतल्या बायांना तो नकोय."

वुंगानं चहाचा घोट उगाच लांबवला. "खुमा, त्यांनी ठरवलंय ते चांगल्या मनानं ठरवलंय. शुक्रवारी आपणच पिशवी द्यायची आणि शनिवारी त्यातलंच परत मागायला जायचं? कोणाला बरं वाटेल? टोपलीतलं तुझ्या पिंपात, पिंपातलं परत टोपलीत. तांदूळ नुसता चकरा मारणार."

"मारू दे. तांदळाचे गुडघे दुखतात का?"

"एवढा चिडू नकोस. गोण्या देत होतास तेव्हा दोन माणसं लागायची उचलायला. तेव्हा कधी टोपलीची वाट बघितली नाहीस. आता मुठीसाठी रुसलास?"

 वुंगा म्हणाला ते दारखुमाला नवीन नव्हतं. भिकेतून कसलं दान, हे वाक्य कोणे एके काळी याच तोंडातून निघालं होतं. आपलंच म्हणणं इतकी वर्षं गावभर हिंडून दारात परत आलंय, असं त्याला वाटलं. पण वाटलं तरी राग उतरला नाही.

पिशवीच्या पुढच्या शुक्रवारी रेमीची आई ती घेऊन आली तेव्हा दारखुमा दारात आडवा उभा होता.

"टोपली दाराशी थांबणार असेल तर पिशवीही थांबू दे," तो म्हणाला. "नाहीतर दोन्ही पुढे जाऊ देत."

"आजोबा, असं काय करता? खाणार काय?"

"ते माझं मी बघेन. ज्याच्याकडून घेत नाही त्याला देऊही नये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी उचलून ती उतरू लागली. जाऊ मागे होती, ती पुटपुटली, पण उतारावर आवाज वर चढतो. "घर गेलं, ट्रक गेले, गोणीवाल्याचा ताठा काही गेला नाही."

दारखुमानं ते ऐकलं.

संध्याकाळी लवकरच डोंगराची सावली गावावर उतरली. दारखुमानं पिंप तिरकं करून शेवटचे तांदूळ मापात घेतले. माप भरलंसुद्धा नाही. त्यातून त्यानं मूठ उचलली आणि डोळे मिटले. नाव एकच समोर आलं. ते त्याला नको होतं. दुसरं कोणाचं तरी घ्यावं म्हणून त्यानं सगळ्या आळ्या मनात फिरून बघितल्या. प्रत्येक घराशी तीच टोपली घेऊन उभी होती. तेव्हा त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ही बाई नवी नवरी होती तेव्हापासून आपण तिला बघतोय, इतकी वर्षं तिच्या टोपलीत ओततोय, आणि आपल्याला तिचं नाव माहीत नाही. रेमीचं माहीत आहे. आईचं नाही.

तो मूठ तशीच धरून ओसरीवर आला.

"वुंगा! ए वुंगा! रेमीच्या आईचं नाव काय रे?"

शेजारून जेवत्या तोंडाचा आवाज आला. "बियाकी! का? तक्रार करतोस की काय तिची?"

"नाही. भात टाकायचाय."

पलीकडून वुंगाच्या बायकोचं हसू ऐकू आलं.

दारखुमा चुलीपाशी आला. "बियाकी," तो म्हणाला. पण ते दात-ओठ खाऊन म्हटल्यासारखं झालं. असं नाव घेतलं तर ते कसलं घेणं! तो बसून राहिला. भांड्यातलं पाणी उकळू लागलं. त्याला ती लाल झालेली मुलगी आठवली, न हलणारी गोणी ओढणारी, आणि ओसरीवर हसणारा एक माणूस. तिला कधी कोणी विचारलं होतं का, त्या दिवशी घरी जाऊन ती रडली का? आज पिशवी परत नेताना ती तशीच उतरली होती, मान खाली घालून. दुसऱ्यांदा तोच माणूस, दुसऱ्यांदा तांदूळच.

जाऊ बोलली त्यातलं सगळं खोटं नव्हतं, हे त्यानं त्या चुलीपुढे कबूल केलं. टोपली दाराशी यावी असं त्याला वाटत होतं ते देण्यासाठी, हे खरं. पण दाराशी आलेली लोकांनी बघावी, हेही त्यात मिसळलेलं होतं. थानसेईच्या मुठीत ते कधी नव्हतं. टोपली थांबो न थांबो, तिची मूठ पडलीच असती. शाळेच्या वर्गात कुठे होती टोपली? 'मग आपला तांदूळ कधी होता?' त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं तो समजत होता. उत्तर साधं होतं. कधीच नव्हता. सगळं आलं ते मिळालेलं होतं, आल्याचं पीक, ट्रक, चार मजले, थानसेई, हे गाव. गोणी देत असताना त्याला वाटायचं आपण देतो आहोत. मूठ देताना कळायचं की आपण घेतो आहोत, आणि घेतल्याबद्दल आभार मानतो आहोत.

"बियाकी," तो पुन्हा म्हणाला, यावेळी थानसेई म्हणायची तसं. मूठ डब्याच्या शिगेवर टाकली आणि थोडे दाणे ओघळले ते वेचून घेतले. मग उरलेल्याचा भात टाकला आणि तो पोटभर नसला तरी गोड लागला.

सकाळी काठी टेकत तो खालच्या आळीत उतरला. गुडघ्यांनी वाटेत बराच तमाशा केला. रेमीची आई चुलीशी होती. मापातून मूठ उचललेली, हात डब्यावर. त्याला दारात बघून तिचा हात तिथंच थांबला.

"टाक, टाक," दारखुमा म्हणाला. "नाव घेऊन टाक. मी थांबतो."

तिनं मूठ टाकली. त्याला चुलीजवळचा पाट दिला. 

"बियाकी," तो म्हणाला. तिनं चमकून वर बघितलं. त्या नावानं तिला हाक मारणारं आता माहेरीसुद्धा फार कोणी उरलं नसेल. "काल माझं चुकलं. पिशवी दे. टोपली माझ्या दारी थांबली नाही तरी दे. मी घेईन, आणि आभार मानून खाईन. मूठ काढायची ती काढीनच, ती काही टोपलीसाठी नाही. आणि फार जुनं एक चुकलेलं आहे. गोणी तुला उचलली नाही तेव्हा मी हसलो होतो."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. "ते तुमच्या लक्षात आहे?"

"कालच आठवलं."

"मी तर त्या दिवशी ठरवलं होतं, या माणसाच्या दारात पुन्हा जाणार नाही," ती म्हणाली. "मग थानसेईआजी मागून आली आणि तिनं तिचा डबा ओतला, आणि कानात म्हणाली, 'पुढच्या वेळी मी टोपली धरायला येईन.' म्हणून येत राहिले." तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "आजोबा, तुमच्याकडून घ्यायला मला जड जात होतं. तुम्ही काय होता ते आम्ही बघितलंय. तुम्ही डबा घेऊन पायरीवर उभे राहायचात ना, मला बघवत नव्हतं. वाटायचं, तेवढाच घास तुमच्या पोटात जाऊ दे."

"पोरी, पोटात तर जातोच. पण माझ्यापाशी द्यायला काही नाही असं तू ठरवलंस, तर मी खरंच गरीब होईन. आतापर्यंत झालो नव्हतो."

 उठून तिनं त्याला भात वाढला, मोहरीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. तो जेवत असताना तिनं विचारलं, "माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वुंगानं. काल संध्याकाळच्या भाताला तुझी पाळी होती. दोनदा घ्यावं लागलं. पहिल्यांदा रागानं घेतलं गेलं, ते काही वर पोचलं नसेल."

ती तोंडावर हात धरून हसली.

"पण मूठ एकच टाकली हं," दारखुमा म्हणाला. "तांदूळ कमी होते."

दुपारी टोपली निघाली ती नेहमीसारखी खालच्या आळीतून निघाली नाही. बियाकी पट्टा कपाळाला लावून सरळ वर चढली, जाऊ पिशवी घेऊन मागोमाग. दारखुमाच्या ओसरीपाशी दोघी थांबल्या आणि बियाकीनं अख्ख्या उताराला ऐकू जाईल अशी हाक दिली, "आजोबा, मूठ!"

वुंगा आपल्या दारात येऊन उभा राहिला. त्याची बायकोही आली. दारखुमानं डबा आणला, ओतला. मग आत जाऊन फडक्यातलं गाठोडं आणलं, ते सोडलं. मग दुसरं गाठोडं आणलं. टोपली पहिल्याच घरी निम्मी भरली. बियाकीनं उठायला जोर लावला आणि मटकन खाली बसली.

"आजोबा! पुन्हा गोणी दिलीत की!"

"गोणी नाही गं ती," दारखुमा म्हणाला. "सगळ्या मुठीच आहेत. तुम्ही आलाच नाहीत, म्हणून साठल्या."

जाऊ पुढे झाली, आणि तिनं टोपलीला खालून हात दिला. दारखुमानंही काठी भिंतीला टेकवून दुसरी बाजू धरली. तिघांनी मिळून टोपली उचलली, पट्टा कपाळावर बसला. बियाकीनं रिकाम्या डब्याच्या बुडावर टपली मारली, एक दाणा निघाला तो टोपलीत टाकला, आणि त्या पुढच्या घराकडे, वुंगाच्या दाराकडे वळल्या.

पिशवी ओसरीवर राहिली होती. दारखुमानं ती दोन्ही हातांनी उचलून आत नेली, पिंपात ओतली आणि संध्याकाळचे तांदूळ मापायला घेतले. मूठ उचलल्यावर तो जरा थबकला. मग ओसरीवर येऊन त्यानं खाली जाणाऱ्या त्या दोघींना हाक मारली.

"बियाकी! तुझ्या जावेचं नाव काय गं?"